गळ्यातलं आणि डोक्यावरचं

बनसोडे मॅडमनी मला पहिला प्रश्न विचारला तो माझ्या पायातल्या काळ्या दोऱ्याबद्दल. शिक्षण काय, आधी कुठे काम केलं, घरी कोण कोण असतं, हे सगळं मालकांनी विचारून झालं होतं. मॅडम माझ्याकडे डोक्यापासून बघत बघत घोट्यापर्यंत आल्या, तिथे थांबल्या आणि म्हणाल्या, "हा कशासाठी?"

"आईनं बांधलाय."

"आईनं कशासाठी बांधला?"

दृष्ट लागू नये म्हणून, असं मी सांगितलं. सांगताना मला लाज वाटली, कारण मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकून नोकरीला आले होते आणि घोट्याला दृष्टीचा दोरा होता. पण त्या हसल्या नाहीत. दृष्ट लागली की नेमकं काय होतं, दोरा डाव्याच पायात का, तो जुना झाला की टाकायचा कुठे, काळाच का, असं एकापाठोपाठ एक विचारत राहिल्या. मला निम्म्या प्रश्नांची उत्तरं येत नव्हती. माझी थट्टा चाललीय असं मला पहिल्यांदा वाटलं. नंतर त्यांच्या तोंडाकडे बघितलं तर त्या खरोखर वाट बघत होत्या. शेवटी म्हणाल्या, "राहू दे. गमबुटात जातो, बेदाण्यात पडायचा नाही."

आमचा कारखाना बेदाण्याचा, मिरजेच्या बाहेर. शेडवर वाळलेला बेदाणा आमच्याकडे येतो, धुतला जातो, पुन्हा सुकतो आणि लांबलचक पट्ट्यावरून सरकत जातो. पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना बायका उभ्या राहून काड्या, खडे, फुटका दाणा निवडतात. पुढे तो खोक्यात भरून परदेशी जातो. म्हणजे इथे एखादीची टिकली पट्ट्यावर पडली तर ती कुठल्या तरी लांबच्या देशात केकमध्ये निघणार. म्हणून नियम होते. बांगड्या नाहीत, अंगठी नाही, कानातलं नाही, टिकली नाही, गजरा नाही, हाताला दोरे नाहीत. अंगात कंपनीचा कोट, तोंडाला मास्क, डोक्यावर टोपी, पायात गमबूट. कपडे बदलायच्या खोलीत रोज सकाळी उभं राहून हे सगळं बघायचं काम बनसोडे मॅडमचं. त्या होत्या पर्सोनेल ऑफिसर, पण बायकांनी त्या खोलीला नाव ठेवलं होतं ‘कस्टम’. "कस्टममधनं सुटलीस का?" असं त्या एकमेकींना विचारायच्या.

मॅडम मूळच्या साताऱ्याच्या. वडील फौजेत होते. मॅडम पन्नाशी ओलांडलेल्या, उंच, सडपातळ, फिक्या रंगाची सुती साडी खळ घालून कडक इस्त्री केलेली. अंगावर दागिना म्हणून काही नाही. कान टोचलेले होते, पण भोकं बुजत आली होती. लग्न केलेलं नव्हतं. मिरजेत दोन खोल्यांत एकट्या राहायच्या आणि महिन्यातून एकदा एसटीने साताऱ्याला भावाकडे जायच्या. बोलताना मान जरा उजवीकडे कलती करून ऐकायच्या, कारण डाव्या कानाने कमी ऐकू यायचं. पण समोरच्याला वाटायचं की आपण काही तरी फार महत्त्वाचं सांगतोय, आणि तो आणखी सांगत सुटायचा.

त्यांना कुठेही न्यायची सोय नव्हती. सांगलीला एकदा आम्ही दोघी सरकारी कचेरीत निघालो होतो. रिक्षाच्या मागे जुनी चप्पल टांगलेली होती. ती डाव्या पायाची का, आणि ती दुसऱ्याने टाकून दिलेलीच लागते का, हे त्यांनी उतरल्यावर रिक्षावाल्याला विचारायला सुरुवात केली. तोही गडी इंजिन बंद करून रिक्षाच्या बाहेर आला. आम्ही कचेरीत पोहोचलो तेव्हा साहेब जेवायला गेले होते. माझ्या लग्नात तर त्यांनी कमालच केली. अंतरपाट धरलेला असताना भटजींना हळूच विचारलं की हे कापड नेमकं कुणापासून कुणाला लपवायला असतं. भटजी विचारात पडले, मंगलाष्टकाची ओळ चुकली, आणि माझे वडील त्यांच्याकडे असे बघायला लागले की मी मुंडावळ्यांच्या आडून डोळ्यांनी मॅडमना गप्प केलं. त्या शहाण्यासारख्या मागे जाऊन बसल्या. जेवताना मात्र भटजींच्या शेजारीच पान घेतलं.

नुसती वस्तूची चौकशी करून त्या थांबायच्या नाहीत. मग नियमाकडे वळायच्या आणि नियमालाही तेच विचारायच्या. मेंदीला आमच्याकडे बंदी होती. का, ते कुणालाच सांगता येईना. मॅडमनी स्वतःच्या दोन्ही तळव्यांवर मेंदी काढून घेतली, सुकल्यावर धुतली, आणि दुसऱ्या दिवशी माझ्या प्रयोगशाळेत येऊन बसल्या. पांढऱ्या फडक्यावर हात घासून बघितले, ओल्या बेदाण्यात घालून बघितले. काही उतरलं नाही. त्यांनी मालकांना तसं सांगितलं आणि मेंदीची बंदी उठली. गजऱ्याची उठली नाही, कारण गजऱ्याची पाकळी पडतेच. तुळशीची माळ घालणारे एक मामा भट्टीजवळ कामाला होते. माळ काढायची म्हणजे मेल्यावरच, असं त्यांनी सांगितलं. मॅडमनी शांतपणे ऐकून घेतलं आणि त्यांना बंद खोकी ट्रकमध्ये चढवायच्या कामावर घातलं. माळ गळ्यातच राहिली आणि मामाही कारखान्यात राहिले.

"कारण असलं तर सांगा, नसलं तर नाही म्हणा," असं त्या म्हणायच्या. हे ऐकायला सोपं वाटतं. पण एखाद्या गोष्टीला कारण नाही हे कबूल करायला माणसाला किती जड जातं, ते मी त्यांच्या हाताखाली राहून बघितलं.

दरवर्षी परदेशी खरेदीदाराच्या वतीने एक ऑडिटर यायचे. बेंगळुरूचे गृहस्थ, मितभाषी, हातात छोटी टॉर्च. मी लागले त्या वर्षी ते पट्ट्यापाशी ताराबाईंसमोर येऊन थांबले. ताराबाई आमच्यातल्या सगळ्यांत वयस्कर. कपाळावर मधोमध हिरवट ठिपका, हनुवटीवर आणखी तीन. नियमात कपाळाला काही चालत नाही, तेव्हा हिला हे धुऊन यायला सांगा, असं ते मालकांना म्हणाले. मालक घाबरून मॅडमकडे बघायला लागले. मॅडमनी मला ओला कापूस आणायला लावला आणि ताराबाईंना विचारून तो स्वतः त्यांच्या कपाळावर घासला.

ताराबाई डोळे मिटून उभ्या होत्या. म्हणाल्या, "घासा की चांगलं. घरधनी वारलं तवा समद्यांनी कुकू पुसलं, बांगड्या काढल्या. ह्ये गोंदाण तेवढं कुणाला काढता आलं न्हाई. आता तुमी बघा जमतंय का."

ऑडिटरना मॅडमनी हिंदीत अर्थ सांगितला. त्यांनी टॉर्च बंद केली आणि ताराबाईंना हात जोडले. पुढे मॅडमनी गोंदण कोण गोंदायचं, सुया किती असायच्या, रंग कशाचा, दुखलं की काय गाणं म्हणायचे, हे सगळं ताराबाईंना जेवणाच्या सुट्टीत विचारून घेतलं. त्यासाठी त्या बायकांच्या पंगतीत डबा घेऊन बसायला लागल्या आणि मग तिथेच बसत राहिल्या.

त्या पंगतीतच एकदा ताराबाईंनी उलटा प्रश्न केला. "आवं मॅडम, आमचं समदं इचारता. तुमी का न्हाई काय घालत? बौद्धांच्यातल्या बी बाया घालत्यातच की." बाकीच्या बायका भाकरी मोडता मोडता थांबल्या. मॅडमना मात्र कुणी तरी विचारल्याचा आनंद झालेला दिसला. त्यांनी डबा बाजूला ठेवला.

त्यांची आजी साताऱ्याकडच्या एका खेड्यात वाढली होती. आजीच्या अंगावर काय असावं हे तेव्हा गाव ठरवायचं. पायात चांदी घातलेली गावाला चालायची नाही, लुगडं घोट्यापर्यंत सोडलेलं चालायचं नाही. का, तर चालायचं नाही म्हणून. पुढे बौद्ध झाल्यावर आजीने पहिल्यांदा हौसेने जोडवी घातली आणि मरेपर्यंत काढली नाहीत. वडिलांची गोष्ट याच्या उलट. ते म्हणायचे, फौजेचा गणवेश अंगावर चढला त्या दिवसापासून मला कुणी जात विचारली नाही. वडिलांना गणवेशाने मोकळं केलं होतं, आणि आजीला मोकळं वाटलं ते मनासारखं नेसल्यावर.

"म्हणजे दोघांचंही खरं," मॅडम म्हणाल्या. "म्हणून मी लहानपणीच ठरवलं की कुणी घाल म्हटलं तरी विचारायचं का, आणि काढ म्हटलं तरी विचारायचं का. मला स्वतःला घालायला कारण सापडलं नाही, म्हणून घातलं नाही. एवढंच आहे."

ताराबाईंनी मॅडमच्या डब्यात लोणचं वाढलं.

शबाना आमच्याकडे आली ती माझ्या लग्नानंतरच्या वर्षी, होळीनंतर. मिरजेचीच, लग्न होऊन वर्ष झालेलं, नवरा फॅब्रिकेशनच्या दुकानात. डोक्याला ओढणी घट्ट गुंडाळलेली. काम करायचं म्हणून घरच्यांशी महिनाभर बोलून बोलून ती बाहेर पडली होती आणि तिला पट्ट्यावरचंच काम हवं होतं. पट्ट्यावरच्या बायका बारा महिने कायम असायच्या. खोकी चिकटवणाऱ्यांना हंगाम संपला की घरी बसवायचे.

मालकांनी ओढणी बघितली आणि मॅडमना आत बोलावलं. मी अहवाल घेऊन तिथेच उभी होते. बाहेरचं कापड पट्ट्यापाशी चालणार नाही, असं ते म्हणाले. मॅडम म्हणाल्या, बरोबर आहे, बाहेरच्या कापडाबरोबर धूळ येते, हे कारण झालं. मग त्या शबानाकडे गेल्या. डोकं झाकायचं का, हे तिलाही विचारलं. मला धसका बसला, कारण हल्ली असे प्रश्न कुणी विचारले की लोक कान टवकारतात. पण शबानाने सरळ सांगितलं.

"मला लहानपणापास्नं सवय हाय, मॅडम. अल्लाचं म्हणून बी हाय आणि माजं म्हणून बी हाय. उघड्या डोक्यानं चारचौघात उभं ऱ्हायलं की अनवाणी बाजारात गेल्यासारखं वाटतं."

"म्हणजे डोकं झाकलेलं हवं. हीच ओढणी हवी असं नाही?"

"झाकलेलं हवं. केस, कान, मान."

मॅडमना तेवढंच हवं होतं. कोट शिवणाऱ्या शिंप्याकडून त्यांनी कोटाच्याच कापडाचं एक टोपरं शिवून घेतलं. कपाळापासून मानेपर्यंत सगळं झाकणारं, खालची झालर कोटाच्या गळ्यात खोचायची. ते कंपनीतच राहणार आणि कंपनीतच धुतलं जाणार. टोपीतून केस निसटतात, ते या टोपऱ्यातून निसटणार नव्हते. शबानाच्या आधी त्यांनी ते स्वतः घातलं, आणि एप्रिलच्या उकाड्यात दिवसभर पट्ट्यापाशी उभ्या राहिल्या. सुनंदा नावाची एक चुणचुणीत बाई होती, पट्ट्यावरच्या बायकांची पुढारीच म्हणा. तिने मॅडमना बघून हाक दिली, "मॅडम, आता अंगडं बी शिवून घ्या, म्हंजे बाळंतविडा पुरा हुतोय." सगळा पट्टा हसला. संध्याकाळी मॅडमच्या मानेवर घामोळं उठलं होतं. त्यांनी शिंप्याला पातळ कापड घ्यायला सांगितलं, आणि मालकांना सांगितलं की हे सगळ्यांनाच द्यावं.

मालक माणूस वाईट नव्हता. पण प्रत्येक गोष्ट पुढे ढकलली की आपोआप मिटते असा त्यांचा अनुभव होता. "ऑडिट होऊ द्या," ते म्हणाले. ऑडिट मेअखेरीला, आणि हंगाम संपायचाही तेव्हाच. तोवर शबानाला खोकी चिकटवायला बसवलं. पट्ट्यावर जागा मिळाली नाही तर ती पुन्हा घरी बसणार, आणि एकदा बसली की पुन्हा तिला कुणी बाहेर सोडणार नाही, हे तिला माहीत होतं आणि मॅडमनाही.

याच सुमाराला सुनंदाचं मंगळसूत्र वाढलं. मी तुटलं म्हणाले होते, तर ताराबाईंनी मला तिथल्या तिथे दुरुस्त केलं. दागिन्यांच्या बंदीतून मंगळसूत्राला सूट होती. ती कुणी दिली, कधी दिली, माहीत नाही. सुनंदा वाकली, धागा कशात तरी अडकला आणि काळे मणी पट्ट्यावर सांडले. त्या दिवशी पट्ट्यावर काळा बेदाणा होता. काळा मणी आणि काळा बारीक बेदाणा, दोन्ही ओले. काचेचा मणी धातू शोधणाऱ्या यंत्राला कळत नाही. मॅडमनी पट्टा थांबवला. सगळा माल खाली उतरवून पांढऱ्या चादरींवर पसरला आणि आम्ही सगळ्या जणी गुडघ्यांवर बसून मणी वेचायला लागलो. आधी हसू येत होतं. मग दाताखाली धरून बघितल्याशिवाय मणी कुठला आणि बेदाणा कुठला हे कळेना, तेव्हा हसू गेलं.

सुनंदाचं वेचण्यात लक्ष नव्हतं. तिचा नवरा ट्रकवर होता आणि त्या दिवशी गाडी घेऊन हुबळीकडे गेला होता. मंगळसूत्र वाढलं म्हणजे त्याला काही झालं असणार, असं म्हणून ती रडत होती. मॅडमनी स्वतःच्या फोनवरून त्याला फोन लावला. तो धाब्यावर जेवत होता आणि बायको का रडते हे त्याला कळेना. तरी सुनंदाला मोकळ्या गळ्याने घरी जायचं नव्हतं. अशा वेळी हळकुंड दोऱ्यात ओवून बांधतात, असं ताराबाईंनी सांगितलं. हळकुंडच का, हे मॅडमनी विचारलंच, पण विचारता विचारता त्या गेटबाहेरच्या दुकानातून हळकुंड घेऊनही आल्या. ताराबाई विधवा, त्या हात लावेनात. म्हणून मी सुनंदाच्या गळ्यात ते बांधलं.

सगळे मणी सापडले का, हे आम्हाला कधीच कळलं नाही. तो माल मालकांना परदेशी पाठवता आला नाही. त्या संध्याकाळी मॅडम पुन्हा त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या. ओढणीला बंदी आहे आणि तिला कारण आहे, तर मंगळसूत्राला सूट आहे तिला कारण काय, असं त्यांनी विचारलं.

"ते वेगळं, मॅडम," मालक म्हणाले. "तो काही धर्म नाही. ते आपलं साधं, रोजचं असतं."

"आपलं म्हणजे कुणाचं?"

मालकांनी ते टाळलं. म्हणाले की मंगळसूत्र काढायला सांगितलं तर उद्या एक बाई कामावर येणार नाही. ऑडिटच्या दिवशी सगळ्यांनी ते कॉलरच्या आत खोचावं, शबानाने त्या दिवशी सुट्टी घ्यावी, आणि कुणी विचारलंच तर कॉलरमुळे धोका नाही असं मॅडमनी सांगावं. मॅडमनी नुसती मान हलवली. तो होकार होता असं मालकांना वाटलं.

ऑडिटच्या दिवशी शबाना पट्ट्यावर होती. टोपरं घालून, सुनंदाच्या शेजारी. मालकांचा चेहरा बघण्यासारखा झाला. ऑडिटर तिच्यापाशी थांबले, टोपऱ्याचं कापड चिमटीत धरून बघितलं, कुठे धुता म्हणून विचारलं, आणि हे सगळ्यांना का देत नाही असं म्हणाले. मालकांचा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात टॉर्चचा उजेड सुनंदाच्या मानेवर गेला. कॉलरच्या वर काळा धागा दिसत होता. नियमांच्या फळ्यावर खाली बारीक अक्षरात सूट लिहिलेली होतीच. या सुटीचं कारण काय, असं त्यांनी मॅडमना विचारलं. मालक त्यांच्या मागे उभे राहून स्वतःच्या कॉलरला हात लावून दाखवत होते.

"कारण कुछ नहीं है, सर," मॅडम म्हणाल्या. "हम डरते हैं, इसलिए है."

त्या असं बोलतील हे मला वाटलं नव्हतं. ऑडिटरनी ते लिहून घेतलं. सूट काढेपर्यंत माल जाणार नाही, एवढं सांगून ते गेले. नंतर मी मॅडमवर चिडले. एक वाक्य बोलायचं होतं, त्यात कुणाचं काय जात होतं, असं मी म्हणाले. त्या हात धूत होत्या. म्हणाल्या, "अहो वैशाली, सुनंदासाठी खोटं कारण सांगितलं, तर शबानाचं खरं कारण उद्या कोण ऐकेल?"

मालकांनी आरडाओरडा केला नाही. तुम्ही मला उघडं पाडलंत, एवढंच म्हणाले, आणि ते त्यांना खरोखर लागलेलं दिसत होतं. पुढच्या महिनाअखेरीपासून मॅडमची बदली साताऱ्याच्या गोडाऊनला झाली. तिथे बंद खोकी ठेवतात, तिथे कुणी काय घालावं याला काही नियम लागत नाही. जाण्याआधी मंगळसूत्रांचं मात्र तुम्हीच निस्तरून जा, असं त्यांनी सांगितलं. ते स्वतः बायकांसमोर येणार नव्हते.

बायका पेटल्याच. शबाना पट्ट्यावर कायम झाली आणि आमच्या गळ्यातलं मात्र काढायचं, हे त्यांना सहन होईना. शेजारी बसून जेवणाऱ्या बायका मॅडम आल्या की गप्प व्हायला लागल्या. ‘हिला कशाला कळंल, हिच्या गळ्यात कवा काय हाय?’ असं एक जण बोलली. ‘त्यांच्यात समदं उलटंच,’ असंही कुणी तरी बोललं. मॅडम दाराशीच होत्या. बोलणारी उजव्या बाजूला होती, त्यामुळे त्यांना ते नीट ऐकू गेलं. मला फार वाईट वाटलं. त्यांनी कुणालाच काही विचारलं नाही, आणि त्या काहीच विचारत नाहीत हे बघून मला जास्त वाईट वाटलं.

नवा नियम ज्या सकाळी लागू होणार होता, तो मॅडमचा मिरजेतला शेवटचा दिवस. ‘कस्टम’मध्ये नवी स्टीलची कपाटं आली होती, प्रत्येकीचा खण वेगळा, किल्ली तिच्याकडे. बायका बाहेर ओट्यावर बसून होत्या. आत कुणी येईना. सुनंदा सगळ्यांत पुढे, पदर घट्ट लपेटून. काचेच्या केबिनमधून मालक बघत होते. मॅडम दारात उभ्या होत्या. एकदा काय ते सांगितलं, पुन्हा सांगितलं नाही.

शबाना आली, वाट काढत आत गेली आणि बाकावर बसली. ओढणी सोडली, घडी घातली. मग दोन्ही हात मानेमागे नेले आणि कुर्त्याच्या आतून काळ्या मण्यांचा अनेक सरांचा भरगच्च हार बाहेर काढला. मध्ये सोन्याचं पदक होतं. ती तो हातात धरून नुसती बसली. खण उघडाच होता.

सुनंदा ओट्यावरून उठून दारापाशी आली. "तुमच्यात बी असतंय व्हय?"

"लच्छा म्हणतो आमी. निकाहाला सासू घालती."

"मग इतकं म्हैनं हितं हाईस, दिसला न्हाई कवा."

"ओढणीखाली हुता."

"आन् काढताना काय वाटलं न्हाई तुला?"

"वाटलं की," शबाना म्हणाली. "रातभर वाटलं. सासूला अजून सांगितलं बी न्हाई."

सुनंदा आत जाऊन तिच्या शेजारी बसली. स्वतःचं मंगळसूत्र काढलं, नव्याने गाठवलेलं, आणि लच्छ्याशेजारी मांडीवर ठेवलं. ही वाटी माहेरची, ही सासरची, असं दाखवायला लागली. ताराबाई आल्या. त्यांच्या मागून एक एक करत बाकीच्या आल्या आणि बाकाभोवती गर्दी झाली. तुझे मणी बारीक, माझे मोठे, कुठल्या सोनाराकडचे, असं सुरू झालं.

आता ‘चला, वेळ झाली’ म्हणायचं काम मॅडमचं होतं. त्या गर्दीतून वाट काढत बाकापाशी गेल्या, चष्मा वर सरकवला आणि वाकून लच्छ्याकडे बघायला लागल्या. "याला एवढे सर का असतात?" त्यांनी विचारलं. "आणि सासूनंच का घालायचा, आईनं का नाही?"

शबानाला माहीत नव्हतं. सासूला विचारून उद्या सांगते, असं ती म्हणाली आणि एकदम थांबली. सुनंदाने मॅडमकडे बघितलं आणि खाली मान घातली.

"उद्या मी नाही," मॅडम म्हणाल्या. "आत्ताच लावा फोन."

शबाना जरा घाबरली, पण तिने फोन लावला आणि आवाज मोठा केला. पलीकडून सासू काय झालं, काय झालं म्हणून विचारायला लागली. लच्छा काढून ठेवलाय हे शबानाने एका दमात सांगून टाकलं. मग सासूने विचारलं की जपून ठेवलास का, किल्ली कुणाकडे आहे. किल्ली माझ्याकडेच आहे, असं शबाना म्हणाली. "बरं," सासू म्हणाली. "और कौन पूछ रहा है मेरे कू?"

मॅडम फोनजवळ सरकल्या, उजवा कान पुढे केला आणि आपलं नाव सांगितलं. सासूने सांगायला सुरुवात केली. तिचा लच्छा, तिच्या सासूचा लच्छा, आधी किती सर होते आणि मग किती उरले. भोंगा झाला. मी एकटीच पट्ट्याकडे गेले आणि दिवे लावले. काचेतून मालक मनगटावरचं घड्याळ बघत होते. मागे वळून बघितलं तर दारातून मॅडमची वाकलेली पाठ दिसत होती, आणि त्यांच्या भोवती मोकळ्या गळ्यांच्या बायका फोनकडे कान लावून उभ्या होत्या.